वीस ते वीस हजार

तापकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे जिना चढताना भिंतीला खांदा घासतोच,
मोमीनने तो माझ्यासाठी उघडून ठेवलाय.
झाकण काढलेला अँप्लिफायर.
कालची भाजी अजून बरी आहे का बघावं
तसे आम्ही दोघं त्यात वाकून बघतो.

"ट्रान्सफॉर्मर अस्सल. कपॅसिटर चार बदलले.
बाकी सगळं जन्माचं."
जन्म एकोणऐंशीचा. पुढचा पत्रा रुपेरी,
काचेच्या दोन खिडक्या, आत दोन काटे,
साहेब आल्यावर शिपाई उठतो
तसे सुराबरोबर उठतात आणि बसतात.
चौदा किलो. बावीस हजार.
गॅरंटी?
मोमीन हसतो. "मी आहे ना."
मोमीनला दोन स्टेंट बसलेत.

नवीन पाहिला तो बाणेरला.
तिथल्या मुलाने आधी चपला काढायला लावल्या,
मग एसीत बसवून कॉफी दिली.
काळा, पाठ्यपुस्तकाएवढा, बटण एकही नाही,
त्याच्याशी फोनवरूनच बोलायचं.
चाळीस हजार, तीन वर्षं गॅरंटी, हप्ते हवे तर हप्ते.
कागदावर छापलेलं: वीस ते वीस हजार हर्ट्झ.
"काका, एकही सूर सुटणार नाही."
खोटं नव्हता बोलत.
त्याच्याकडून सुटणार नव्हताच.

भोसरीत एकतीस वर्षं मी पॉवर प्रेसवर होतो.
दीडशे टनी.
दर चार सेकंदाला एक ब्रॅकेट, स्कूटरच्या सीटखालचं.
कानात घालायचे नारिंगी बोळे कंपनीने दिले होते,
ते आम्ही पोरांना खेळायला घरी नेले.
गेल्या महिन्यात कर्वे रोडच्या डॉक्टरीणबाईंनी
आलेख काढून दाखवला.
रेघ सरळ चालते, चालते,
आणि चार हजारांपाशी
कात्रजच्या घाटासारखी खाली उतरते.
"वरचं आता नाही," त्या म्हणाल्या,
घरमालकीण भाडेकरूला म्हणते तसं.

म्हणजे उरलेल्या सोळा हजारांचे पैसे
मी कुणासाठी भरायचे?

शालन म्हणते, माझ्यासाठी. मला येतं ऐकू.
हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

केतकी म्हणते, बाबा, जुना बिघडला तर पार्ट मिळतील का?
मी म्हटलं, माझे मिळतायत का?
फोनवर ती हसली नाही.
किंवा हसली असेल, बारीक.

मोमीन वायरी जोडतो.
आधी घूं येते, खालच्या पट्टीतली.
"ही थोडी राहणार," तो ओशाळून सांगतो.
त्याला काय सांगू,
की तेवढीच मला स्वच्छ ऐकू येते.
मग तो जलतरंगाची तबकडी लावतो.
मधले मधले सूर पोचतात,
मध्येच वाटी वाजायची थांबते,
वाजवणारा पाणी प्यायला गेल्यासारखी.
पण काटा हलतोय.
मला काही नाही, आणि काटा हलतोय.
कुठेतरी काहीतरी चाललंय
एवढं तरी कुणी मला दाखवतंय.

तेव्हा दिसला तो ठिपका.
आवाजाच्या मोठ्या चकतीजवळ, नऊच्या जागी,
लाल नेलपॉलिशचा, आता विटकरी पडलेला.
याच्या पुढे न्यायचा नाही.
कुणी कुणाला बजावलेलं असेल?
पाळण्यात कुणी असेल. रात्रपाळीहून आलेलं कुणी.
खाली काठी आपटणारा मालक.
माझ्या घरी तो ठिपका
पहिल्याच दिवशी ओलांडला जाणार.

मोमीनने कापसावर थिनर घेतलं.
"साफ करून देतो."
"राहू दे," मी म्हटलं.

फार मोठ्याने म्हटलं असणार.
खाली गल्लीतला चहावाला
किटली हातात धरून वर बघायला लागला.

पैसे अजून दिलेले नाहीत.